जुना फोन टाकू नका, कामाला लावा!

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे आपणा बायकांची वार्षिक परीक्षाच! डबे घासून होतात, जळमटं निघतात, गाद्या गच्चीवर उन्हात जातात. पण घरात एखादा खण असा असतोच, की जो उघडला की हात थबकतो. आमच्याकडे तो लोखंडी कपाटातला सगळ्यात खालचा खण. बंद पडलेली घड्याळं, किल्ली हरवलेली कुलपं, कुणाकुणाच्या चष्म्यांची घरं, आणि गेल्या वर्षी मोजून पाहिलं तर चक्क तीन मोबाइल फोन आणि एक टॅबलेट!

हसू नका. तुमच्याही घरी एखाद-दुसरा निघेलच. आमच्यापैकी एक फोन ह्यांचा, काच तडकलेला. एक माझा, चार फोटो काढले की ‘जागा नाही’ म्हणून कुरकुरणारा. एक नणंदेनं ‘असू दे मुलांना खेळायला’ म्हणून दिलेला. आणि टॅबलेट घेतला होता २०२० साली. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून तास फोनवर सुरू झाले. घरात शिकणारी दोन मुलं, शिकवणारी मी, आणि चालते फोन दोनच! तेव्हा दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडून तो घेतला. पुढे शाळा उघडल्या आणि टॅबलेटची रवानगी खणात झाली.

“देऊन टाक ना मोडीत,” हे म्हणाले. मी खरोखरच एका दुकानात विचारून आले. नवा फोन घेणार असाल तर टॅबलेटचे सातशे रुपये कमी करू, म्हणाला. तडकलेल्या फोनचे काहीच नाहीत. मनात आलं, आमची बोहारीण ह्याहून बरा भाव करते! दोन जरीच्या साड्यांवर निदान एक पातेलं तरी ठेवते.

आणि बोहारणीवरूनच मला पुढचं सुचलं. जुनी झालेली साडी आपण लगेच थोडीच तिच्या गाठोड्यात टाकतो? आधी ती घरात नेसायला काढतो. मग तिची दुपटी होतात, मग ती गोधडीत जाते, आणि अगदीच विरली की तिचं पायपुसणं होतं. मग हजारो रुपये मोजून घेतलेल्या फोनलाच एवढी घाई का? त्यातला पडदा चालतो, आवाज निघतो, कॅमेरा दिसतं ते टिपतो. फक्त आजच्या धावपळीला तो पुरा पडत नाही, एवढंच.

गेल्या वर्षभरात मी ह्या चार वस्तूंना काम लावून पाहिलं. काही जमलं, काही फसलं. जमलं ते सांगतेच. फसलं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला तरी ते टाळता येईल.

आधी पाठ तपासा

जुना फोन हातात घेतला की पहिल्यांदा तो टेबलावर उताणा ठेवून बघा. सपाट बसतो का? मधे डुगडुगतो का? मागचं झाकण किंवा पुढची काच कडेनं वर आली आहे का?

नणंदेचा फोन मी बाहेर काढला तर तो पुरीसारखा टम्म फुगलेला. ह्या फोनांत लिथियमची बॅटरी असते. ती म्हातारी झाली, किंवा फार तापली, की तिच्या आत वायू धरतो आणि ती फुगते. अशी बॅटरी दाबली, तिला काही टोचलं किंवा तिला चार्जिंगला लावलं तर ती पेट घेऊ शकते. मला कुठलं एवढं ठाऊक! मी झाकण दाबून बसवायला निघाले होते. थोरल्यानं हात धरला म्हणून बरं.

असा फोन निघाला तर त्याचा लोभ सोडा. चालू करून ‘फोटो तरी काढून घेऊ’ असंही म्हणू नका. एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तो सुटा ठेवा, डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आणि डबा कपडे-कागदांपासून, उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवून लवकरात लवकर योग्य ठिकाणी पोचवा. ते ठिकाण कुठलं, हे शेवटी सांगते. मात्र घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथंच आग लागू शकते.

बाकीचे फोन सपाट बसले तरी बरेच महिने पडून राहिलेला फोन प्रथम चार्ज करताना तो फरशीवर ठेवा, गादीवर नको. आणि तास-दीड तास आपलं लक्ष राहील अशा वेळीच लावा. हाताला चटका बसेल इतका तापला तर लगेच काढून घ्या.

मग घर रिकामं करा

भाड्याचं घर सोडताना आपण कोनाडेसुद्धा चाचपून बघतो, नाही का? फोनच्या बाबतीत मात्र आपण फार भोळ्या असतो.

तीन वर्षांपूर्वी मी माझा त्या वेळचा जुना फोन एका नातेवाइकांच्या मुलाला दिला. सिमकार्ड काढलं, वरून पुसून दिला, आणि मोठं काम केल्याच्या थाटात विसरून गेले. महिन्याभरानं त्या मुलाच्या आईचा फोन आला. बिचारी चाचरत म्हणाली, “वहिनी, ह्यात तुमचं बरंच काही राहिलंय हो.” काय काय राहिलं होतं म्हणून सांगू? माझ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, सातवीच्या वर्गाचे गुण, आणि भावजयीबद्दल मी बहिणीला लिहिलेलं सबंध रामायण! ती बाई समंजस म्हणून निभावलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर? त्या वर्गाच्या मुलांचे गुण गावभर झाले असते तर शाळेत मी काय तोंड दाखवलं असतं?

म्हणून आता मी क्रमच ठरवून घेतला आहे. प्रथम फोटो, ध्वनिमुद्रणं आणि फोन नंबर दुसरीकडे उतरवून घ्यायचे. उतरले आहेत ना, ते दोन-चार उघडून खात्री करायची. मग सिमकार्ड आणि असेल तर मेमरी कार्ड काढायचं. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं गूगलचं खातं त्या फोनवरून काढून टाकायचं. आयफोन किंवा आयपॅड असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून खातं काढायचं. आणि सगळ्यात शेवटी ‘फॅक्टरी रीसेट’ करायचं, म्हणजे फोन दुकानातून आणला तसा कोरा होतो.

हा क्रम चुकवू नका. चोरलेला फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून त्यात एक सोय असते. आपलं खातं न काढताच भलत्या मार्गानं फोन कोरा केला, तर तो पुन्हा सुरू होताना आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतो. म्हणजे घर दुसऱ्याला द्यायचं आणि किल्ली आपल्याच कनवटीला! पुढचं माणूस दारात ताटकळतं.

पैशाचा व्यवहार नाही

दुसरा नियम त्याहून कडक. ज्या फोनला नवे अपडेट मिळणं बंद झालं आहे, त्यावर बँक नाही, यूपीआय नाही, बँकेचे संदेश जिथं येतात ते सिमकार्ड नाही. कंपनी फोन विकल्यावर काही वर्षं त्यातल्या फटी बुजवत असते. ते थांबलं की नवी फट सापडते तेव्हा ती बुजवायला कुणी येत नाही. गाणी ऐकायला, धडा वाचायला असा फोन चालतो. पण मोडक्या कडीच्या खोलीत आपण दागिने ठेवत नाही, तसंच हे.

आणि जाता जाता माझी एक फजिती सांगते. स्वयंपाकघरातल्या फोनवर मी माझं व्हॉट्सॲप जोडून ठेवलं होतं. २०२३ पासून एकच खातं दुसऱ्या फोनवरही जोडता येतं, म्हणून मी खूश. पण ओट्याशेजारी ठेवलेला फोन हा सगळ्या घराचा असतो. माझ्या बहिणीचा ‘सासूबाई कशा आहेत? अजून तशाच?’ हा निरोप सासूबाईंनीच वाचला! “अजून तशीच आहे म्हणावं,” एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी ते व्हॉट्सॲप काढून टाकलं.

एका भांड्याला एक काम

ह्या सगळ्या खटाटोपात मला एक गोष्ट उमगली. जुन्या फोननं नव्या फोनची सगळी कामं करावीत असा हट्ट धरला की तो अडतो, तापतो, आणि आपण चिडून पुन्हा खणात टाकतो. पण त्याला एकच काम दिलं की तो इमानानं करतो. आपल्या स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं दुधाचंच असतं ना? त्यात आपण फोडणी करत नाही. तसंच. बाकीची सगळी ॲप काढून टाकायची आणि लागणारी एक-दोन ठेवायची.

माझ्या जुन्या फोनला मी स्वयंपाकघराचं काम दिलं. सकाळी त्यावर रेडिओ लागतो. पुष्कळ जुन्या फोनांत एफएम रेडिओ असतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. फक्त वायरचा इअरफोन खोचावा लागतो, कारण ती वायरच एरियलचं काम करते. (नव्या फोनांतून ही सोय नाहीशी होऊ लागली, तेव्हा २०२३ मध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना ती चालू ठेवा असं सांगावं लागलं!) इअरफोन खोचलेला ठेवूनही आवाज स्पीकरवर घेता येतो. त्यामुळे पोळ्या लाटताना आकाशवाणीचं सातारा केंद्र आणि दुपारी विविध भारती. तोच फोन इडलीची दहा मिनिटं मोजतो. फक्त तो शेगडीपासून दोन हात लांब, फळीवर ठेवा. वाफ, तेल आणि उष्णता ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या वैरी आहेत.

ह्याच फोनवर एक मोलाचं काम झालं, ते आवाज टिपण्याचं. आमच्या सासूबाईंचा गोडा मसाला सगळ्या भावकीत नावाजलेला. प्रमाण विचारलं की “अंदाजानं” हे ठरलेलं उत्तर. ह्या वर्षी मसाला करायला त्या बसल्या तेव्हा मी फोनचं ध्वनिमुद्रण चालू केलं, त्यांना तसं सांगितलं, आणि नुसती शेजारी बसून राहिले. धणे किती, सुकं खोबरं किती, दगडफूल कधी टाकायचं, नागकेशर हातावर कसं मोजायचं, सगळं आलं. मधेच त्यांच्या सासूच्या आठवणी, पहिल्या बाळंतपणाचा पाऊस, असंही बरंच आलं. ते सगळं आता तीन ठिकाणी उतरवून ठेवलं आहे. हे विसरू नका हं! जुना फोन कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. मोलाची वस्तू त्यात एकटी ठेवू नये.

एक प्रयोग मात्र फसला. एक विनामूल्य ॲप घेतलं की जुन्या फोनचा पहाऱ्याचा कॅमेरा होतो. तो एका खोलीत ठेवायचा आणि दुसऱ्या फोनवर तिथलं चित्र बघायचं. सासूबाई तापानं आजारी होत्या तेव्हा शाळेतून त्यांच्याकडे लक्ष ठेवावं म्हणून मी तो त्यांच्या खोलीत लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यावर टॉवेल टाकला. “मी झोपल्यावर कशी दिसते ते कुणी बघायचं नाही,” म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. पाळण्यातलं बाळ, बंद घराचं दार, गच्चीवरची वाळवण ह्यांच्यासाठी कॅमेरा ठीक आहे. पण जाणत्या माणसावर लावायचा तर त्याला विचारूनच, मग ती सासू असो की घरात काम करणाऱ्या मावशी असोत.

द्यायचा तर नीट द्या

ह्यांचा तडकलेला फोन आमच्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीकडे गेला. ती दहावीला. द्यायच्या आधी मी काच बदलून घेतली, चांगला चार्जर आणला. हे म्हणाले, “फुकट द्यायच्या फोनला एवढा खर्च?” मी म्हटलं, फाटकी साडी आपण कुणाला नेसायला देतो का? अडलेला फोन दिला तर आपली अडगळ कमी होते आणि तिची वाढते.

त्यावर बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीची सगळी पुस्तकं उतरवून दिली. ती तिथं विनामूल्य मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेलं ‘दीक्षा’ हे ॲप घातलं. आपल्या पाठ्यपुस्तकांवर जो चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो, तो ह्या ॲपमधून पाहिला की त्या धड्याचं जास्तीचं साहित्य उघडतं. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही इंटरनेटवर वाचता येतात, ते दाखवलं. सिमकार्ड घातलं नाही, कारण दर महिन्याचं रीचार्ज कोण करणार? दर रविवारी ती आमच्याकडे येते, वायफायवर आठवड्याचं सगळं भरून घेते आणि घरी बिनइंटरनेटचं वाचते.

फोन हातात देताना मावशी मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, “ताई, बंद पडला तर माझ्या पोरीला बोल लावू नका.” मला चरकन लागलं. आपण वस्तू देतो, पण तिच्यावरचा हक्क सोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी तिथंच आमचं काही त्यात उरलं नसल्याचं दाखवलं, मावशींच्या नावानं नवं खातं उघडून दिलं आणि सांगितलं, “आता हा तुमचा. फुटला तरी तुमचा, विकलात तरी तुमचा.”

लहान मुलाला फोन द्यायचा असेल तर आणखी एक सोय सांगते. अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयपॅडमध्ये ‘गायडेड ॲक्सेस’ नावाची सोय असते. ती चालू केली की एकच ॲप पडद्यावर राहतं. बाहेर पडायला तुमचा परवलीचा आकडा लागतो. धडा वाचता वाचता पोरगं खेळाकडे घसरत नाही.

टॅबलेटचं काम

राहिला टॅबलेट. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

आमचे मामंजी एस. टी.त होते. सगळा जन्म स्टँडवरच्या गोंगाटात गेला आणि गेल्या चार-पाच वर्षांत कान गेले. श्रवणयंत्र आणलं, पण ते शिट्या मारतं म्हणून डबीत गेलं. सुरुवातीला आम्ही ओरडून बोलायचो. मग ओरडून बोललं की भांडल्यासारखं वाटतं, म्हणून खुणा करू लागलो. मग खुणाही कमी झाल्या. जेवायला बसलो की मुलं काही सांगायची, आम्ही हसायचो, मामंजी विचारायचे, “काय झालं?” आणि कुणीतरी हात हलवून म्हणायचं, “काही नाही.”

आपण वाईट नसतो हो. घास गार होत असतो, शाळेची वेळ झालेली असते, आणि विनोद दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितला की तो विनोद राहत नाही. पण दोन वर्षांत मामंजी ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला लागले, आणि आम्ही म्हणालो, त्यांना तिथं शांत वाटतं.

थोरल्यानं टॅबलेटवर गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ नावाचं ॲप घातलं. २०१९ मध्ये आलेलं हे ॲप कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच आहे आणि त्याला मराठी कळतं. समोर कुणी बोललं की ते शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातात. बाकी सगळं त्यानं काढून टाकलं, टॅबलेट मसाल्याच्या डब्याला टेकवून जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि आजोबांना हात धरून घेऊन आला.

मी म्हटलं, “मामंजी, आमटी वाढू का?” पडद्यावर उमटलं, ‘मामंजी आमटी वाडू का’. त्यांनी चष्मा सावरला, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वाढ. पण बाईंचा ढ चुकला.” असे हसलो सगळे! मी शाळेत मराठी शिकवते ना.

मग धाकटी काहीबाही सांगत सुटली, आवाजात आवाज मिसळले आणि पडद्यावर गोंधळ झाला. मामंजींनी विचारलं, “काय म्हणाली?” आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, “काही नाही.”

ते पडद्यावर उमटलं. मोठ्या अक्षरांत. मामंजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “एवढं मला ह्याच्याशिवायही वाचता येतं. दोन वर्षं तुमच्या ओठांवर हेच वाचतोय.”

कुणीच काही बोललं नाही, त्यामुळे पडदाही कोराच राहिला. मग धाकटी उठली, टॅबलेटजवळ तोंड नेलं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तेव्हापासून मामंजी टेबलावर जेवतात.

ह्यात जादू काही नाही, तेही सांगायला हवं. त्याला इंटरनेट लागतं. एका वेळी एकानंच बोलावं लागतं. आमच्या घराला ही शिस्त लागली, हा फायदाच. घाटी बोली, घाईचं बोलणं ह्यांत शब्द चुकतात. बोललेलं ओळखण्यासाठी ते इंटरनेटवरून जातं, म्हणून पैशाच्या किंवा खासगी गोष्टी आम्ही त्यासमोर बोलत नाही. आणि हे काही कानाच्या तपासणीला पर्याय नाही. उलट, बोलणं पुन्हा सुरू झालं म्हणून मामंजी स्वतःच डॉक्टरांकडे यायला तयार झाले. कान नव्यानं तपासले, यंत्र नीट बसवून घेतलं. आता दिवसा यंत्र असतं आणि जेवताना टॅबलेट.

एक दक्षता: टॅबलेट एका जागी उभा असला की तो दिवस-रात्र चार्जरला लावून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. बॅटरी सतत भरलेली आणि तापलेली राहिली की तीच फुगण्याची सुरुवात. आम्ही सकाळी तासभर लावतो, साधारण ८० टक्के झालं की काढतो. आणि एखादा फोन ठेवूनच द्यायचा असेल तर बॅटरी अर्धी भरून, थंड जागी ठेवावा.

आणि शेवटी निरोप

ज्याचं कुठलंच काम होत नाही, त्याला निरोप द्यावाच लागतो. पण रद्दीबरोबर नाही. भंगारात गेलेल्या अशा वस्तूंमधलं तांबं काढायला तारा उघड्यावर जाळतात, सोन्याचा कण काढायला ॲसिड वापरतात. तो धूर आणि ते पाणी कुणाच्या तरी लेकरांच्या वाट्याला येतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांप्रमाणे फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात ‘ई-कचरा कुठं घेता?’ असं बेधडक विचारा आणि दिल्याची पावती मागा. नणंदेचा तो फुगलेला फोन मी असाच डब्यासकट नेऊन दिला. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी घेतला.

तर मैत्रिणींनो, माझ्या खणाचा हिशेब असा झाला: एक फोन फळीवर गातोय, एक दहावीचा अभ्यास करतोय, एक रीतसर गेला आणि टॅबलेट जेवायला बसतोय. तुमचा खण कधी उघडताय? उघडाल तेव्हा हे एवढं ध्यानात ठेवा:

- फुगलेला फोन चालू करू नका, दाबू नका, चार्ज करू नका.
- फोटो उतरवा, सिमकार्ड काढा, खातं काढा, मग फोन कोरा करा. क्रम हाच.
- अपडेट थांबलेल्या फोनवर पैशाचा व्यवहार नाही.
- एका फोनला एकच काम.
- कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रण, समोरच्याला सांगूनच.
- दुसऱ्याला द्यायचा तर दुरुस्त करून, आणि हक्क सोडून.

आणि काम कुठलं द्यावं हे सुचत नसेल, तर खण उघडण्याआधी घरात एकदा नजर फिरवा. ‘काही नाही’ हे उत्तर आपल्या घरात सगळ्यात जास्त कुणाला मिळतं, ते बघा.